सोलापूरजवळ शरदातले रंग बघायला एका दिवसाची पायपीट: कुठे, कधी, कशी?

सात रस्ता

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की पुण्याची मैत्रीण चार दिवस सोलापुरात असेल. दोघींना एक अख्खा दिवस चालायचं आहे, आणि निमित्त एकच: रंग बदललेलं रान. काश्मीरचे चिनार आणि परदेशातले लालभडक मेपल फोटोत बघून झालेत. आपल्याकडे त्या दिवसांत तसं काही दिसतं का? सकाळी निघून अंधार पडायच्या सुमारास घरी यायचं, वाहन दुचाकी, चालायची तयारी आठ-दहा किलोमीटरची. डोक्यात तीन नावं आहेत: नान्नज, येडशीचं रामलिंग आणि नळदुर्ग. कुठे जावं, नेमकं काय दिसेल, बरोबर काय घ्यावं, काय चुकू शकतं, जरा सविस्तर सांगाल का?

गवत्या

नान्नज. पण तिथे झाडांकडे बघायला जाऊ नका, गवताकडे बघायला जा.

सोलापूरचा शरद झाडावर नसतो, जमिनीवर असतो. पाऊस थांबला की माळावरचं गवत आधी तुऱ्यावर येतं, मग बी धरतं, आणि बी पिकता पिकता त्याचा रंग फिरतो. हे फार थोड्या दिवसांत होतं, कारण माळावर माती जेमतेम वीतभर आणि खाली मुरूम. त्या वीतभर मातीत ओल किती दिवस टिकणार? शेवटच्या चांगल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांत ती संपते आणि गवत पात्यातलं सत्त्व मुळांकडे ओढून घेतं. वर उरतो तो रंग.

सगळं गवत एकाच रंगाचं होत नाही, बघण्याची खरी मजा तिथेच आहे. कुसळी तांबूस-विटकरी होते, उन्हात तिचा पट्टा भाजलेल्या कौलासारखा दिसतो. मारवेलच्या काड्यांवर आणि तुऱ्यांवर जांभळट झाक येते. डोंगरी गवत सोनेरी. पवन्याचे तुरे रुपेरी, वारा आला की एका बाजूने चमकतात आणि दुसऱ्या बाजूने विझतात. लांबून सगळा माळ पिवळा वाटतो. गुडघ्यावर बसून उन्हाच्या दिशेने बघितलं की हे चार रंग सुटे होतात.

चालताना एक पद्धत पाळा. माळाच्या माथ्यावरून सुरुवात करा आणि उतरत ओढ्याकडे या. माथ्यावर मुरूम उघडा असतो, तिथलं गवत सगळ्यांत आधी वाळतं. मधल्या उतारावर रंग ऐन भरात असतो. ओढ्याकाठी काळी माती आणि ओल असते, तिथे अजून हिरवं असतं. हा उतार जेमतेम अर्ध्या-एक किलोमीटरचा असतो, पण तेवढ्यात तीन आठवड्यांचा फरक ओळीने बघायला मिळतो. मैत्रिणीला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ती नुसती "पिवळं गवत" म्हणून पुढे जाणार नाही.

तारखेचं म्हणाल तर साधारण ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. डिसेंबरात रंग उडून काडी पांढुरकी होते. कापणी आणि चराईही सुरू झालेली असते.

उत्तर कसबा

वर गवत्यांनी बरोबर सांगितलंय. झाडं का रंगत नाहीत, ते थोडक्यात लिहितो, म्हणजे अपेक्षा चुकीची राहणार नाही.

पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे. पिवळा-नारिंगी रंग पानात आधीपासून असतोच, हिरव्याखाली झाकलेला. थंड प्रदेशात दिवस लहान होऊ लागला की झाड हरितद्रव्य मोडून त्यातलं नत्र परत घेतं, आणि झाकलेला पिवळा उघडा पडतो. लाल रंगाचं वेगळं आहे. तो आधी नसतो, त्याच दिवसांत तयार होतो, आणि त्याला लख्ख ऊन, थंड पण न गोठणाऱ्या रात्री आणि पानात अडकलेली साखर लागते. म्हणून काश्मीरचा चिनार ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेटल्यासारखा दिसतो. काश्मिरीत या ऋतूला हरुद म्हणतात.

आपल्याकडे झाडाला थंडीची भीती नाही, भीती पाण्याची आहे. त्यामुळे पानगळ पाऊस संपल्याबरोबर होत नाही. खोलवरची ओल आटते तेव्हा, म्हणजे जानेवारी ते मार्च होते. आपल्या पंचांगात शरद आणि शिशिर हे वेगळे ऋतू आहेत आणि पानगळ शिशिराच्या वाट्याला आहे, ते निरीक्षण अगदी चोख आहे. परदेशी "फॉल"ला आपण सर्रास शरद म्हणतो आणि तिथेच गल्लत होते.

गवताची मुळं मात्र उथळ. त्यांची ओल आधी आटते, म्हणून ते आधी रंगतं. कारण झाडांचं आणि गवताचं एकच, फक्त मुळांच्या खोलीचा फरक.

बाभूळबन

रामलिंगबद्दल. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव करत येडशी, अंतर पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन दुचाकीवर चार तास तरी धरा. बालाघाटच्या घळीत मंदिर आहे आणि भोवती पानगळीचं जंगल; १९९७ पासून ते येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे. पण दिवाळीनंतर ते हिरवंच असतं, तेही थोडं थकलेलं, धुळीने माखलेलं हिरवं. पाऊस संपल्याने ओढ्याचं पाणीही ओसरू लागलेलं. म्हणजे ना पावसाळ्याची शोभा ना पानगळीची.

रामलिंगला फेब्रुवारीत जा. पानं झडलेली असतात, डोंगराची हाडं दिसतात, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून पळस फुलतो. पायाखाली सुकलेल्या पानांचा खच आणि डोक्यावर केशरी फुलं, हे तुमच्या मनातल्या चित्राच्या जास्त जवळ जाईल. वानरं भरपूर आहेत. पिशवी खांद्यावरून काढून ठेवायची नाही आणि खाणं हातात दिसू द्यायचं नाही.

नळदुर्ग किल्ला म्हणून बघा. रंगांसाठी नको.

सात रस्ता

मनापासून आभार. म्हणजे आता नान्नज आणि फेब्रुवारीत रामलिंग असं ठरवते. पण नान्नज तर माळढोक पक्ष्याचं अभयारण्य ना? तिथे मोकळं फिरू देतात का? आणि पायी किती चालायला मिळेल?

माळावरचा

ताई, हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचा इथेच गोंधळ होतो.

माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा कागदावर ते जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं, सोलापूर आणि शेजारच्या नगर जिल्ह्यात पसरलेलं. त्यात गावं, शेतं, रस्ते, सगळंच आलं. पुढे ते कमी करून १२२२ चौरस किलोमीटर केलं. म्हणजे हे ताडोबासारखं एकसंध जंगल नाही. शेतांच्या मधोमध माळांचे तुकडे आहेत, आणि त्यातला नान्नजचा तुकडा वनखात्याने चांगला राखलेला आहे.

राखलेल्या तुकड्यात स्वतःच्या मनाने शिरायचं नाही. नान्नजच्या वनखात्याच्या केंद्रावर नाव नोंदवायचं, शुल्क भरायचं, तिथला वाटाड्या घेऊनच आत जायचं. वेळा आणि दर आदल्या दिवशी विचारून घ्या, ते बदलतात. आत किती चालायचं आणि कुठल्या बाजूने, ते वाटाड्या ठरवेल. तो "इथून पुढे नाही" म्हणाला की तिथे थांबायचं. कुठे काय अंडी-पिल्लं आहेत, कुठे लांडग्याची बीळं आहेत, ते त्याला माहीत असतं.

उरलेली पायपीट बाहेर करा. नान्नज, वडाळा, मार्डी या गावांच्या मधून गाडीवाटा आहेत. एका बाजूला माळ, दुसऱ्या बाजूला रान. या दिवसांत शेतात रब्बीची ज्वारी वीतभर ते गुडघाभर आलेली असते, मालदांडीचा तो निळसर हिरवा रंग, आणि बांधावर तूर पिवळ्या फुलांनी भरलेली. तांबूस माळ आणि निळसर ज्वारी यांची हद्द जिथे लागते तिथे पाच मिनिटं थांबा. नान्नज द्राक्षांचं गाव आहे, बिनबियांचं सोनाका इथलंच, त्यामुळे मधून बागाही लागतील. बागेत आणि उभ्या पिकात विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. वाट बांधावरून जात असेल तर एकामागे एक चाला, शेजारी शेजारी चाललं की ज्वारी तुडवली जाते.

माळढोक दिसेल ही आशा ठेवून जाऊ नका. हा पक्षी वर्षाला बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. माळ तुटले, विजेच्या तारांना धडकून पक्षी मेले, आणि आता महाराष्ट्रात तो दिसणं ही फार दुर्मीळ गोष्ट झाली आहे. जे गवत तुम्ही बघायला जाताय ते त्याच्यासाठी राखलेलं आहे, एवढं लक्षात असू द्या.

काळवीट मात्र दिसतीलच. कळपाने माना वर केल्या की थांबायचं, चरायला लागले की चालायचं. दीडशे मीटरच्या आत जायचा प्रयत्न नको. आकाशात भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून, पंख वर धरून तरंगत जाताना दिसेल. तो थंडीपुरता उत्तरेकडून येतो आणि रात्री गवतातच जमिनीवर झोपतो. म्हणून सूर्य मावळल्यावर गवतात रेंगाळू नका. एकदा उठवला की अंधारात त्याला दुसरी जागा शोधावी लागते.

पक्षीवेडी

+१. त्यात भर: कपडे मातकट किंवा खाकी, लाल-पांढरे नकोत. ड्रोन नाही. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज लावून बोलावणं नाही. घरचा कुत्रा बरोबर आणायचा नाही, कुत्र्यांचे आजार खोकड आणि लांडग्यांना लागतात. आणि आग, हे सगळ्यांत महत्त्वाचं: त्या दिवसांत माळ म्हणजे पेटायला तयार असलेली गंजी. वनखातं जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, काढतं ते उगीच नाही. चहासाठी स्टोव्ह न्यायचा नाही, थर्मास न्या.

तरवड

आता कुसळाबद्दल बोलू. कारण पहिल्यांदा जाणाऱ्या दहातल्या नऊ जणांचा दिवस कुसळामुळेच खराब होतो.

कुसळीचं बी एकदा तळहातावर घेऊन नीट बघा. खाली सुईसारखं टोक, टोकाच्या मागे उलटे वळलेले बारीक केस, आणि वर बोटभर लांब काळपट तपकिरी शेपूट. वाळलं की शेपटीला दोरीसारखा पीळ पडतो. त्याच्यावर पाण्याचा एक थेंब सोडा आणि हात स्थिर धरा. पीळ सुटू लागतो आणि शेपटीचं टोक घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरताना डोळ्यांनी दिसतं. वाळलं की परत पीळ. रात्री दव, दिवसा ऊन, असं करत करत हे बी स्वतःला मातीत स्क्रूसारखं पुरून घेतं. मैत्रिणीला हे करून दाखवाच, माळावरची यापेक्षा नवलाची गोष्ट मला माहीत नाही.

हाच प्रकार ते तुमच्या मोज्यात करतं. चालताना पाय हलतो, घाम येतो, बी आत आत शिरतं. उलट्या केसांमुळे ते मागे येत नाही.

म्हणून:

विणलेले मोजे, लोकर, फ्लीस, टॉवेलसारखं कापड, काहीही नको. विणीच्या प्रत्येक फटीत कुसळ अडकतं. घट्ट विणीची टेरिकॉट किंवा नायलॉनची पँट घाला, जीन्सही चालते पण उकडते. बूट घोट्याच्या वर येणारा. बूट आणि पँटच्या मधली फट हाच चोरदरवाजा आहे, तिथे गेटर, म्हणजे घोट्यापासून पोटरीवर चढवायचं आवरण, बांधा. गेटर नसेल तर जुन्या सुती साडीच्या चार बोटं रुंद पट्ट्या फाडा आणि घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत तिरक्या गुंडाळा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा यावा. वरचं टोक आत खोचा, गाठ पोटरीच्या मागे नको, टोचते. मेशचे जाळीदार स्पोर्ट्स शूज घालून गेलात तर पहिल्या अर्ध्या तासात परत फिराल.

कुसळ काढताना शेपूट धरून मागे ओढायचं नाही. शेपूट तुटून हातात येते आणि टोक आतच राहतं, मग ते दिवसभर टोचत राहतं. मोजा काढा, उलटा करा आणि टोक ज्या दिशेला शिरलंय त्याच दिशेने, आतल्या बाजूने, पुढे ओढून काढा. केस मागे वळलेले असल्यामुळे ते पुढे सहज निघतं. छोटा चिमटा खिशात ठेवा. कातडीत शिरलं असेल तर चिमट्याने काढून साबणाच्या पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, पाण्याने धुवायचं आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

बसायला सोलापुरी चादर किंवा टॉवेल नेऊ नका. सवयीने तेच उचललं जातं, आणि घरी आल्यावर त्यातली कुसळं काढता काढता दोन दिवस जातात. मेणकापड किंवा जुन्या फ्लेक्सचा तुकडा न्या. झटकला की साफ.

होटगी रोड

खान्यापिन्याचं मी सांगतो ताई. आपल्या सोलापूरचं डबं यासाठीच केल्यागत हाय की.

पाणी माणशी तीन लिटर घ्या, कमी न्हाई. नोव्हेंबर म्हणलं तरी दुपारी बारा ते चार ऊन लै लागतंय, माळावर सावली न्हाई, असलीच तर एखादी बाभूळ न्हाईतर हिवर. चालताना तासाला अर्धा लिटर जातंय असं धरा. एका बाटलीत ओआरएसची पुडी टाका, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, म्हंजे मोठी पुडी असली तर अख्ख्या एक लिटरात. कमी पाण्यात घट्ट करून प्यायलं तर तहान वाढतीय आणि पोट बिघडतंय.

खायला कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. कडक भाकरीत पाणी नसतंय म्हणून ती बुरशी धरत न्हाई, उन्हात खराब होत न्हाई. फकस्त पिशवीत टाकली की चुरा होतीय. स्टीलच्या चपट्या डब्यात उभी न घालता आडवी ठेवा, मधी कागद घाला. शेंगाचटणी कोरडीच न्या, तेल सोबतच्या बारक्या डबीत, खाताना वर सोडायचं. आधीच तेल घातलं की ते झाकनातनं गळतंय आणि पिशवीतलं सगळं चिकट होतंय. धपाटीबी दिवसभर चालत्यात. दही, भात, बटाट्याची पातळ भाजी न्यायची न्हाई, दुपारपर्यंत आंबतंय.

आणि ऐका, दोघीजनी हायसा तर पाणी दोघींच्या पाठीवर वाटून घ्या. एकीच्याच पिशवीत सगळं पाणी आणि ती मागं राह्यली तर पुढचीला थेंब न्हाई, असं हुतंय.

उत्तर कसबा

सापांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. घाबरवायला नाही.

माळावर फुरसं असतं. हात-दीड हात लांब, मातकट रंग, पाठीवर नागमोडी पांढरट नक्षी. दिवसा दगडाखाली किंवा गवताच्या बुंध्याशी असतं, संध्याकाळी बाहेर पडतं. डिवचलं तर अंगाचं वेटोळं एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज करतं. तो आवाज आला की पाय आहे तिथेच ठेवा, कुठून येतोय ते बघा, मग उलट्या पावली मागे या. घोणसही असते. दगड उलटायचे नाहीत, बसण्याआधी जागा काठीने चाचपायची, लघवीला गवतात खोल शिरायचं नाही, आणि अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय पाऊलवाटेवर चालायचं नाही. एवढं पाळलं तर धोका फार कमी.

दंश झालाच तर: चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही. अंगठी-पैंजण-बूट काढा, सूज येते. पाय लाकडाच्या फळीला किंवा काठीला बांधून हलणार नाही असा ठेवा. १०८ ला फोन करा किंवा जे वाहन मिळेल त्याने सोलापूरचं सिव्हिल हॉस्पिटल गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविषाचं इंजेक्शन चालतं, त्यामुळे साप पकडून नेण्याची गरज नाही. त्याच्या मागे जाण्यात दुसरा दंश होतो. चावल्याची वेळ तेवढी लक्षात ठेवा.

सात रस्ता

हे सगळं वहीत उतरवून घेतलंय. आणखी दोन प्रश्न. मैत्रिणीला फोटोची फार हौस आहे, पण कॅमेरा नाही, मोबाईलच. गवताचे रंग मोबाईलवर नेहमी फिके पिवळे येतात, असं का? आणि दिवसभराच्या वेळा कशा आखाव्यात?

पक्षीवेडी

फिके येण्याची कारणं दोन. एक म्हणजे ऊन पाठीशी घेऊन फोटो काढला जातो. गवताचा रंग उजेड पात्यातून आरपार आला की दिसतो, म्हणून सूर्याकडे तोंड करून उभं राहा, सूर्य चौकटीच्या जरा बाहेर ठेवा आणि लेन्सवर मैत्रिणीच्या हाताची सावली पाडा. दोन म्हणजे मोबाईल स्वतःहून पांढरा रंग "दुरुस्त" करतो आणि सोनेरीपणा काढून टाकतो. प्रो मोडमध्ये जाऊन व्हाइट बॅलन्स ढगाचं चित्र असलेल्या खुणेवर ठेवा. तुऱ्यावर बोट दाबून फोकस पक्का करा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, आकाश जळणार नाही. मोबाईल गुडघ्याच्या उंचीवर धरा. वारा असेल तर एका क्षणाला गवत थांबतं, त्या क्षणी काढा. पवन्याचं रुपेरी चमकणं मात्र फोटोत येत नाही, त्याचा छोटा व्हिडिओ घ्या.

वेळा: ऑक्टोबरअखेर सोलापुरात सूर्य साडेसहाच्या थोडा आधी उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उगवायला आठ-दहा मिनिटं उशीर आणि मावळायला पाच-सात मिनिटांची घाई. रंगाच्या वेळा म्हणजे उगवल्यापासून साडेआठपर्यंत आणि पुन्हा साडेचारपासून मावळेपर्यंत. मधल्या वेळात माळ सपाट, फिका दिसतो. दुपारी तिथे चालून दमण्यात अर्थ नाही.

माळावरचा

दिवसाची आखणी त्यावरूनच करा. नान्नज बार्शी रस्त्यावर, शहरापासून वीस-बावीस किलोमीटर. पावणेसहाला घर सोडलंत तर उजाडताना तिथे. सकाळी गाडीवाटांवर चार-पाच किलोमीटर, साडेनऊपर्यंत. मग केंद्रावर जाऊन नोंद करा, माहिती बघा, संध्याकाळची वेळ ठरवा. अकरा ते साडेतीन गावात किंवा सावलीत. साडेतीननंतर वाटाड्याबरोबर आत.

एसटीने जायचं असेल तर बार्शीकडे वैरागमार्गे जाणाऱ्या गाड्या नान्नजला थांबतात, पण पहाटेच्या उजेडासाठी एसटीवर विसंबू नका. तसं असेल तर फक्त संध्याकाळचा फेरा करा, तोही पुरेसा आहे.

परतीच्या रस्त्याबद्दल एक काळजीची गोष्ट. नोव्हेंबरात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला असतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात चालतात आणि मागच्या ट्रॉलीला बहुतेक वेळा दिवा किंवा लाल पट्टी नसते. दुचाकीवरून समोरच्या गाडीच्या झोतात ती शेवटपर्यंत दिसत नाही. त्यामुळे सूर्य टेकला की निघा, पूर्ण अंधार व्हायच्या आत शहर गाठा, वेग चाळीसच्या आत. शक्य असेल तर दुचाकी ठेवा आणि चारचाकी करा.

बाभूळबन

मधल्या वेळासाठी एक सुचवू का? एकरुखचा तलाव, म्हणजे आपला हिप्परगा. तुळजापूर रस्त्यावर आहे, नान्नजहून शहराकडे येऊन वळावं लागतं, पण दुपार मोकळीच असेल तर जमेल. आदिला नदीवरचा हा तलाव १८७१ साली बांधून पूर्ण झाला. पाणी ओसरू लागलं की काठाच्या पट्ट्यात हिरव्या-तांबूस वनस्पतींचे पट्टे पडतात. पण काठचा चिखल वरून वाळलेला दिसतो आणि पाय घोट्यापर्यंत आत जातो, भिंतीवरूनच बघा.

आणि माळावर एका ठिकाणी झाडांची पिवळी पानं दिसून फसाल: ते गिरिपुष्प. दुष्काळी कामांच्या काळात माळावर लावलेली परदेशी झाडं. दिसायला बरी वाटली तरी माळाच्या जिवावर उठलेली, कारण माळढोकला आणि धाविकासारख्या पक्ष्यांना चौफेर मोकळी नजर लागते. जिथे ती काढली तिथे गवत परत आलं.

गवत्या

बाभूळबन, गिरिपुष्पाचं लिहिलंत ते बरं केलंत. "उजाड माळ" म्हणून झाडं लावायला निघणाऱ्या मंडळींनी हे आधी वाचायला हवं. माळ उजाड नसतो.

हिप्परग्याला मात्र त्याच दिवशी जाऊ नका असं मी म्हणेन. भर उन्हात जवळपास चाळीस किलोमीटरची जादा दुचाकी, आणि संध्याकाळी माळावर पोचताना दोघी थकलेल्या. थंडी वाढली की तलावावर पक्षी येतात, तेव्हा तो स्वतंत्र करा.

लाल पान हातात धरून बघायचंच असेल तर सोलापूर शहरातच देशी बदाम आहे. जुन्या शाळांच्या, बंगल्यांच्या आवारात बघा. डिसेंबर-जानेवारीत त्याची वीतभर पानं गळण्याआधी शेंदरी, मग गडद लाल होतात. नोव्हेंबरातही एखाद-दुसरं सापडतं. उन्हासमोर धरलं की शिरा पिवळ्या आणि मधला भाग लाल दिसतो. उत्तर कसब्यांनी सांगितलेला लाल रंग तो हाच. आपल्या रानातल्या झाडांत धावडाही गळण्याआधी असा तांबूस होतो.

सात रस्ता

हे फारच छान, बदाम तर आमच्या गल्लीतच आहे. शेवटचं विचारते: ऐन दिवाळीत पाऊस झाला तर? परतीचा पाऊस हल्ली लांबतोय.

गवत्या

तारखेला चिकटून राहू नका, शेवटच्या मोठ्या पावसापासून दिवस मोजा. पंधरा ते वीस दिवस कोरडे गेले की रंग भरात येतो. मधे हलकी सर आली तर बिघडत नाही, उलट धूळ धुऊन निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उजेड स्वच्छ मिळतो. पण बी पिकलेलं असताना जोराचा पाऊस झाला तर गवत लोळतं. लोळलेलं परत उभं राहत नाही, खालच्या बाजूने काळपट पडतं आणि कुबट वास येतो. तसं झालं तर माथ्यावरचं आखूड गवत बघा, ते लोळत नाही. पाऊस पडल्यावर दोन दिवस काळ्या मातीच्या गाडीवाटेवर दुचाकी घालू नका, मडगार्डमध्ये चिखल भरून चाक जाम होतं. मुरमाड वाट चालते.

आदल्या दिवशी वनखात्याच्या केंद्रावर फोन कराल तेव्हा एवढंच विचारा: "गवत उभं आहे का, आणि कापणी सुरू झाली का?" दोन्ही उत्तरं बरोबर आली की निघा.

तरवड

आणि परत आल्यावर कपडे तसेच वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका हो ताई. कुसळं भिजली की पीळ सुटतो, फिरत्या ड्रममध्ये ती घरातल्या बाकीच्या कपड्यांत शिरतात आणि मग उशीच्या अभ्र्यात, लहान मुलांच्या बनियनमध्ये निघतात. कपडे आधी उन्हात कडक वाळवा, फरशीवर पसरून चपट्या चाकूच्या पाठीने एकाच दिशेने खरवडा, उरलेली चिमट्याने, मग हाताने धुवा. पट्ट्या बांधल्या असतील तर त्या सोडून सरळ फेकून द्या. बुटाच्या लेसमधली शेवटी बघा, तिथे हमखास दोन-तीन राहतात.